पुढच्या गिअरचं गाऱ्हाणं

गोव्याला जाऊन आलेली माणसं दोन प्रकारची असतात. एक समुद्राचे फोटो दाखवतात, दुसरी शेजारीपाजारी काजू वाटतात. मी तिसरा. पेडण्यापासून डिचोलीपर्यंत उभा आडवा हिंडलो, समुद्राचा थेंबही पाहिला नाही, आणि परत आलो ते सायकलच्या पुढच्या गिअरवर सात दिवस सप्ताह लावता येईल एवढं ज्ञान घेऊन. गडहिंग्लजला माझं भांड्यांचं दुकान आहे. हल्ली गिऱ्हाईक पातेलं मागायला येतं आणि डिरेलर ऐकून रिकाम्या हातानं जातं.

ज्यांनी ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. डोंगरी सायकलला, म्हणजे त्या माउंटन बाइकला, पेडलजवळ लहान-मोठ्या तीन दातेरी चकत्या असतात. साखळी एकीवरून दुसरीवर ढकलायला तिथं लोखंडाचा एक पिंजरा बसवलेला असतो. शिकलेले त्याला फ्रंट डिरेलर म्हणतात, बाकीचं जग पुढचा गिअर म्हणतं. साखळी मोठ्या चकतीवर असली की सपाटीला वाऱ्याशी गप्पा, आणि लहान चकतीवर आली की घाटातसुद्धा पाय असे फिरतात, जणू कुणीतरी मागून हळूच ढकलतंय.

ही सायकल माझी नव्हे, माझ्या साडूंची. बाजीरावअण्णा. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, त्यातली थोरली त्यांना मिळाली आणि धाकटी मला. अण्णांनी उभी हयात डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर काढली. आमच्या कोल्हापूर भागातली निम्मी तरुणाई तेव्हा तिकडंच होती. सायकल त्यांनी तिथंच घेतली, आणि निवृत्त होऊन गावी आले तेव्हा सामानाच्या टेम्पोत आधी ती चढवली, मग बायकोला. गेल्या साली त्यांचा उजवा गुडघा बदलला. डॉक्टरांनी सांगितलं, सायकल चालवा, पण जोर लावायचा नाही, आणि हिसका तर अजिबात बसू द्यायचा नाही.

आता आक्का, म्हणजे अण्णांची बायको. तिनं या माणसाला काखेत धरून महिनोन्महिने चालायला शिकवलंय, त्यामुळं तिच्या बोलण्याला वजन आहे. अण्णांनी जुन्या मित्राकडं कोरगावला सायकलवरून जायचं काढलं तेव्हा ती भांडली नाही. एवढंच म्हणाली की जावा. पण तिलारीचा घाट स्वतःच्या पायानं चढून आलात तर सायकल राहील. गाडीत बसून आलात तर सायकल त्याच दिवशी भाच्याला देऊन टाकणार, आणि पुन्हा विषय काढायचा नाही. तिच्या भावाचा टेम्पो शनिवारी दोडामार्गात येतोच, जमलं नाही तर त्यात बसायचं, हेही तिनं ठरवून टाकलं. माझी नेमणूक देखरेखीसाठी. माझी सायकल काळी, बिनगिअरची, दुधाच्या किटल्या अडकवायची. पुढचा गिअर माझ्या सायकलला नसल्यामुळं त्या विषयातला अधिकार आपोआप माझ्याकडं आला.

तिलारी ते हळर्ण

घाट उतरताना माझ्या ब्रेकांतून असा धूर निघाला की खाली दोडामार्गात लोकांना वाटलं कुणाची तरी काजूची भट्टी पेटली. एका वळणावर एक माकड कठड्यावर बसलं होतं, त्यानं माझा वेग बघून डोळे मिटून घेतले. अण्णा मात्र लग्नाच्या वरातीत चालल्यासारखे, ब्रेक दाबत, प्रत्येक वळणावर थांबून मागं वळून बघत उतरले. मला वाटलं, देखावा बघतायत. नंतर कळलं, ते चढ मोजत होते.

दोडामार्गावरून आम्ही आतल्या वाटेनं हळर्णला आलो. तिथं नदीकाठी जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत. तांबड्या चिऱ्याच्या भिंती, त्यांना मिठी मारून बसलेली झाडं, आणि खाली संथ पाणी. आमच्याकडचे किल्ले डोंगरावर चढून बसतात आणि माणसाला घाम काढायला लावतात. हा किल्ला पाहुण्याला तसदी नको म्हणून खालीच येऊन बसलाय. आम्ही सायकली भिंतीला लावल्या, सावलीत पाठ टेकली, आणि आयुष्यात एवढी शांत झोप मला फक्त माझ्या लग्नातल्या मंगलाष्टकांत लागली होती.

जाग आली ती लोखंडाच्या आवाजानं. एक म्हैस अण्णांच्या सायकलवर अंग घासत होती. तिचा आकार मी सांगत नाही. सांगितला तर पुढचं खरंही तुम्हाला खोटं वाटेल. एवढंच सांगतो की ती बाजूला झाली तेव्हा नदी दिसायला लागली. सायकल आडवी, म्हशीचा खूर बरोबर पेडलपाशी, आणि पुढच्या गिअरचा पिंजरा मोडून गवतात पडलेला. गिअरचा उरलेला भाग चेचून सीटखालच्या उभ्या नळीला चिकटलेला, आणि त्याला नळीशी आवळणाऱ्या पट्ट्याचा स्क्रू गंजून असा बसलेला की तो पट्टा नळीबरोबरच जन्माला आला असावा.

अण्णांनी तो पिंजरा उचलला, उलटसुलट करून बघितला, आणि रुमालात गुंडाळून खिशात घातला. 

कोरगाव

अण्णांचा मित्र सगूण. डिचोलीत दोघांचे लेथ शेजारी शेजारी होते. आता तो कोरगावात काजू आणि भात बघतो. सगूणबाब, तिकडं नावापुढं मानानं बाब लावतात, दारातच उभे होते. आमची वरात सायकली ढकलत येताना बघून त्यांनी आधी विचारपूस केली, मग म्हशीची हकीकत ऐकली, आणि गंभीरपणे विचारलं की म्हैस कुठली होती, काळ्या शिंगाची की वाकड्या. त्या भागातल्या म्हशींची त्यांना नावानिशी ओळख होती.

काजूचा हंगाम. सगळ्या गावावर पिकल्या बोंडांचा असा वास पसरला होता की नुसता श्वास घेऊन माझी चाल बिघडली. शालनवैनी, सगूणबाबांच्या घरच्या, यांनी ओल्या काजूगरांची भाजी आणि सोलकढी वाढली. आमच्या तांबड्या रश्शाचा मला अभिमान आहे. आमच्याकडं जेवण झालं हे कपाळावरचा घाम सांगतो. इथं जेवण झाल्यावर माणसाला कुणाशीच भांडावंसं वाटत नाही, आणि माझ्यासारख्या माणसाला ते जरा अवघडच जातं.

पहाटे पोंऽऽ पोंऽऽ असा भोंगा वाजला. मी दचकून उठून जनेलातून, म्हणजे खिडकीतून, बघितलं, तर पोदेर, म्हणजे पाववाला. सायकलला मोठी टोपली, त्यात गरम पाव आणि उंडे. आमच्याकडं पहाटे दारात दूध येतं, इथं भाकरीसुद्धा दारात येते. शालनवैनींनी कदेल, म्हणजे खुर्ची, पुढं ओढून मला बसवलं, हातात चहा दिला, आणि माझ्या दुःखावर उपाय सांगितला.

"गिअर कित्याक जाय मरे तुमकां? आमचो पोदेर बिनगिअराच्या सायकलीर चार वाडे फिरता."

गिअर हवाच कशाला, तर पोदेराच्या गुडघ्यात स्टीलचं काही नाही, हे मी त्यांना समजावलं.

खरं तर मीही तसलाच उपाय काढला होता. साखळी हातानं लहान चकतीवर ठेवायची आणि घाट चढायचा. पिंजरा नसला म्हणून काय झालं. अण्णा आधी नको म्हणाले, मग माझ्या आग्रहाखातर सगूणबाबांच्या घरामागच्या चढावर बसले. चार पायडल झकास गेली. पाचव्याला चाक एका दगडावरून उडालं, साखळी निसटली, आणि उजवा पाय हवेतून सटकन खाली गेला.  अण्णा सायकल धरून उभे राहिले आणि त्यांचा चेहरा चुन्यासारखा झाला. सगूणबाब आणि मी दोन्हीकडून धरून त्यांना आत आणलं. वैनींनी गुडघ्यावर गार पाण्याची पट्टी ठेवली. सूज आली नाही, पण त्यानंतर साखळी हातानं बसवायचा विषय कुणी काढला नाही.

मी दुसरा उपाय कानात सांगितला. टेम्पोत बसायचं, घाट चढून झाला की गावाच्या अलीकडं उतरायचं, आणि वाजतगाजत सायकलवर घरी. टेम्पोवाला म्हणजे आक्काचा भाऊ, पण तोही आपल्यातलाच. आक्काला कळणार कसं?

"तिला न्हाय कळणार," अण्णा म्हणाले. "गुडघ्याला कळंल की."

 गिअर मिळवायला हवा होता, आणि शनिवारच्या आत.

पेडणे, मग डिचोली

अण्णांना पाय वर करून बसवलं आणि तो मोडका पिंजरा घेऊन मी पेडण्याच्या बाजारात गेलो. एका दुकानात छपराला टायरी लोंबत होत्या, त्यांच्या मागं एकुलता एक पुढचा गिअर टांगलेला. मी माझा पिंजरा त्याच्या पिंजऱ्याला लावून बघितला. जुळे भाऊ. दुकानदारालाही बरं वाटलं. मी तो मिरवत कोरगावला आणला, आणि तोवर इकडं सगूणबाबांनी करवतीनं जुना पट्टा कापून काढला होता. नवा पट्टा नळीला लावला तर लहान. अर्ध्या नळीला मिठी मारून तो थांबला. पिंजरा जुळला होता, पण गिअर सायकलला धरतो तो पट्ट्यानं, ही गोष्ट मी बघितलीच नव्हती.

"मोठा असता तर आत पट्टी घालून बसवला असता," अण्णा म्हणाले. "लहानाला काय करू? नळी तासू?"

मग सगूणबाबांनी आतून तेलकट फडक्यात गुंडाळलेला, बारीक मापं मोजायचा व्हर्निअर आणला. निवृत्त होताना लोक घड्याळ घेतात, या माणसानं व्हर्निअर मागून घेतला होता. दोघांनी मिळून नळीची जाडी मोजली. एकतीस पूर्णांक आठ मिलिमीटर. ते आकडे मी तळहातावर लिहिले आणि डिचोलीची बस धरली, कारण अण्णांनी सायकल घेतली ते दुकान डिचोलीत अजून चालू होतं.

डिचोली बघून माझा धंदेवाईक जीव हरखला. पितळी समया घडवणारं हे गाव. माझ्या दुकानात ज्या समया येतात त्या या समयांसमोर धाकट्या वहिनीसारख्या खाली मान घालून उभ्या राहतील. तिथं मी इतका रमलो की सायकलच्या दुकानापाशी पोचलो तेव्हा शटर खाली. दुपारी एक ते चार गोवा झोपतो, हे माहीत होतं, पण इतकं मनापासून झोपतो हे माहीत नव्हतं. आमच्याकडचा दुकानदारही दुपारी झोपतो, पण गल्ल्यावर, शटर उघडं ठेवून, एक डोळा बाहेर. मी पायरीवर बसून राहिलो. रस्त्यावरचं कुत्रं माझ्याकडं बघून जांभई देऊन गेलं. त्यालाही घर होतं.

चार वाजता दुकानाचे पात्रांव आले. पात्रांव म्हणजे मालक, तिकडं मानानं तसंच म्हणतात. डोक्यावर विरळ पांढरे केस, नाकावर चष्मा, बोलायला मोजके. मी तळहात पुढं केला. त्यांनी आकडा वाचला, मला बघितलं, आणखी काही सांगायचंय का म्हणून वाट बघितली. मी म्हणालो, माप सांगितलं, आता काय कुंडली देऊ? त्यांनी त्या मापाचा गिअर काढून दिला. मी जिंकल्याच्या थाटात परतलो.

पट्टा बसला. अगदी अंगठी बसावी तसा. अण्णांनी हँडलच्या खटक्याची वायर जोडायला घेतली आणि थांबले. त्यांच्या सायकलची वायर वरून, आडव्या दांड्याखालून येते आणि गिअरला वर ओढते. हा गिअर खालून ओढला जाणारा. वायर जोडायची जागा तळाशी, आणि वायर छताशी. दोघांची गाठ पडायची तर वायरला नळीला प्रदक्षिणा घालावी लागली असती.

त्या संध्याकाळी अण्णा पडवीत बसले होते. आक्काचा फोन आला. त्यांनी जेवणाबद्दल सांगितलं, काजूबद्दल सांगितलं. गिअरबद्दल सांगितलं नाही. फोन ठेवून ते सायकलकडं बघत राहिले, आणि मला म्हणाले, भाचा चांगला आहे, तेल घालत जाईल. त्यांनी मनातल्या मनात सायकल देऊन टाकली होती.

पडवीतली चौकशी

ते सगूणबाबांनी ऐकलं. ते उठले आणि म्हणाले की उद्या सकाळी देवाकडं गाऱ्हाणं घालू या.

हे गाऱ्हाणं म्हणजे आमच्याकडच्या नवसासारखं नव्हे. नवस आपला आपण मनात बोलतो, आणि बराचसा देवाबरोबर सौदा असतो. पेडण्याकडं गाऱ्हाणं मोठ्यानं घालतात. जाणता माणूस देवासमोर उभा राहून सगळी हकीकत मांडतो, आणि भोवतीचे लोक प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणून साक्ष देतात. नवं घर, लग्न, पेरणी, गाडी, कशासाठीही घालतात. सगूणबाबांच्या घराण्यात हे काम वडिलांपासून. सायकलच्या गिअरचं गाऱ्हाणं आजवर कुणी घातलं नव्हतं, पण त्यात काही गैर आहे असं कुणालाच वाटलं नाही. त्यांनी पडवीतच उभं राहून तालीम सुरू केली.

"बा देवा म्हाराजा, तुज्या पांयाकडेन घाटावयले दोन जाण येवन उबे रावल्यात, म्हाराजा. तेंच्या सायकलीचो पुढलो गिअर हळर्णच्या म्हशीन मोडलो, म्हाराजा. तेंकां दुसरो गिअर मेळूक जाय..." इथं ते थांबले आणि माझ्याकडं वळले. "कसलो?"

मी म्हणालो, पुढचा.

"पुढलो तर खरोच. पूण कसलो? देवाक अर्दें सांगून चलना, दत्तोबा. म्हजो बापूय म्हणटालो, पाऊस मागलो आनी शेत सांगलें ना, तर तो खळ्यार पडटा."

मी वाद घातला. देव सर्वज्ञ आहे, त्याला मापं कशाला? सगूणबाब शांतपणे म्हणाले की त्याला माहीत आहे, पण मागणाऱ्याला माहीत आहे का, हे तो बघतो.

मग जे झालं त्याला मी चौकशी आयोग म्हणतो. सगूणबाब विचारायचे, अण्णा सायकलपाशी वाकून बघून सांगायचे, आणि मी वाद घालायचो. नळीची जाडी किती? ती होती. वायर खंयच्यान येता? वरून. पट्टा कुठं बसणार, पिंजऱ्याच्या वर की खाली? मी म्हणालो, कुठंही बसवा, नळी लांबलचक आहे. अण्णांनी बोट ठेवलं. पाण्याच्या बाटलीचा स्क्रू नेमका वरच्या जागी होता, म्हणजे पट्टा खालीच बसायला हवा, वर बसणारा गिअर आणला असता तर तिसरी खेप वाया. चकत्या किती? तीन. सर्वांत मोठीला दात किती? हे कुणालाच ठाऊक नव्हतं. शालनवैनी देव्हाऱ्यातलं कुंकू घेऊन आल्या, एका दाताला टिकली लावली, आणि तिथून सुरू करून बोटानं एकेक दात मोजत पुन्हा टिकलीपाशी आल्या. बेचाळीस. त्यांनी पुन्हा मोजले, कारण पहिल्या वेळी मी मधे बोललो होतो.

दात कशाला हवेत, हे मी विचारलं. अण्णांनी हातानं दाखवलं. पिंजऱ्याची कमान मोठ्या चकतीच्या गोलाईला जुळली पाहिजे. जास्त दातांसाठी केलेला पिंजरा लहान चकतीवर उपरा दिसतो, आणि साखळी उशिरा ढकलतो. बोलताना त्यांचा आवाज बदलला होता. पडवीत बसलेला म्हातारा उठून लेथवर उभा राहिला होता.

सकाळी देवळात गाऱ्हाणं झालं. तीन-चार शेतकरी कामाला जाता जाता थांबले आणि हात जोडून साक्षीला उभे राहिले. एकतीस पूर्णांक आठ, व्हय म्हाराजा. वायर वयल्यान, व्हय म्हाराजा. पट्टो सकयल, व्हय म्हाराजा. तीन चकत्यो, व्हडल्या चकतेक बेचाळीस दांत, व्हय म्हाराजा. शेवटी सगूणबाब म्हणाले की या पाहुण्याचा पाय हिसका न बसता घाट चढू दे, म्हाराजा. तिथं "व्हय म्हाराजा" जरा जड आवाजात आलं. अण्णांनी डोळे मिटलेले होते.

डिचोली, दुसरी खेप

मी बसमध्ये ते सगळं घोकत गेलो. माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी पर्स दुसऱ्या हातात घेतली. दुकानात पोचलो तो शटर उघडं होतं. काउंटरवर दोन-तीन गिऱ्हाइकं. पात्रांव चष्म्यावरून बघायला लागले. मला ते पाठ होतं ते फक्त त्या चालीत, आणि चाल सोडली की आकडे सांडायचे, म्हणून मी हात जोडून तसंच सुरू केलं. नळी एकतीस पूर्णांक आठ, म्हाराजा.

माझ्या मागून कुणीतरी सहज, सवयीनं म्हणालं, "व्हय म्हाराजा."

मग थांबणं शक्यच नव्हतं. वायर वयल्यान म्हटलं, सगळं दुकान व्हय म्हाराजा. मोठ्या चकतीला बेचाळीस दात म्हटल्यावर बाहेर स्कूटरवर बसलेल्या माणसानंही साक्ष दिली. आता मी म्हणेन की तिथं दोनशे लोक जमले आणि वाहतूक अडली. पण पात्रांव हसले, एवढं मात्र निखालस खरं.

"अशें पयलींच सांगपाचें," ते म्हणाले आणि आत गेले.

दोन गिअर बाहेर आले. पहिला वरून ओढला जाणारा, मापाचा, पण अठ्ठेचाळीस दातांसाठी. अण्णांनी हातानं दाखवलेली कमान आठवून मी तो बाजूला सारला, आणि पात्रांवांनी मान हलवली. दुसऱ्याचा पट्टा खाली बसणारा, कमान बेचाळीसला जुळणारी, आणि वायर वरून लावा की खालून, दोन्हींसाठी सोय. पण पट्टा मोठा. त्याच्याबरोबर पाकिटात दोन गोल रिंगा होत्या. नळी बारीक असली तर आत रिंग घालायची आणि वर पट्टा आवळायचा.

मी अडलो. देवळात मी एकतीस पूर्णांक आठ सांगितलेलं. हा मोठा, आत रिंग घालून नेमका बसवायचा. गाऱ्हाण्यात रिंगेचा उल्लेख नव्हता. शिवाय शनिवार उद्यावर आला होता, आणि पुन्हा परतायला वेळ नव्हता. शहाण्या माणसानं अशा वेळी एक करावं, ते मी केलं. अण्णांना फोन लावला.

त्यांनी रिंग कशाची आहे विचारलं, जाडी सगळीकडं सारखी आहे का विचारलं, कुठं चीर आहे का विचारलं. मी पात्रांवांना विचारून सांगत गेलो. 

"बुशिंगच हाय की ती," ते म्हणाले. "जन्मभर बुशिंग घालून चुकती मापं बसवली मी. आण ती."

चढ

रिंग नळीवर चढली, पट्टा तिच्यावर. सगूणबाबांनी बॅटरी धरली, मी पेडल फिरवलं, अण्णांनी पिंजरा चकतीच्या दातांपासून एका नाण्याइतका वर ठेवून आवळला. वैनींचं कुंकू एका दातावर तसंच होतं, कुणी पुसलं नाही. घरामागच्या त्याच चढावर अण्णा बसले.  मधल्या चकतीवरून लहानीवर साखळी उतरली ती आवाज न करता, पाहुणी आत येऊन चप्पल काढते तशी.

शनिवारी दोडामार्गात टेम्पो उभा होता. आक्काच्या भावानं मागचं फळकं उघडून ठेवलं होतं. अण्णांनी त्याला माझी पिशवी दिली, चार किलो काजूगर दिले, आणि म्हणाले, हे घेऊन हो पुढं.

तिलारीचा घाट मी या आयुष्यात तीन वेळा चढलोय, आणि तिन्ही वेळा तो वाढला आहे. मी सायकल ढकलत होतो. पहिल्या वळणावर माझा जीव गेला, दुसऱ्यावर परत आला, तिसऱ्यावर म्हणाला की तू पुढं हो, मी मागनं येतो. अण्णा माझ्या चालीनंच चढत होते, पण बसून. पाय एका लयीत फिरत होते, घाई नाही, जोर नाही. वळण आलं की उजव्या हातानं डावा खटका, साखळी खाली, परत पाय. असलं उलटं हाताचं काम का, तर डाव्या अंगठ्याला लेथवर जुनी इजा झालेली, ती मला त्या दिवशी कळली. जीप थांबायच्या, लिफ्ट हवी का विचारायच्या. ते मान हलवायचे आणि खाली रस्त्याकडंच बघत राहायचे.

एका मोठ्या चढावर ते थांबले. मला वाटलं, संपलं. मी धावत, म्हणजे माझ्या मते धावत, गेलो. ते एक पाय टेकून उभे होते, तळहात उजव्या गुडघ्यावर.

"दुखतंय?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. घाम नाकावरून टपकत होता.

"वरीस झालं, हा गुडघा मला परक्याचा वाटायचा," ते म्हणाले. "उसना आणलेला. आता वाटत न्हाय." आणि पुन्हा बसून निघाले.

मी वर पोचलो तेव्हा अण्णा टपरीवर चहाचा दुसरा ग्लास घेत होते. मध्ये किती वेळ गेला ते मी सांगत नाही, माझ्याही अब्रूचा प्रश्न आहे.

चंदगडात एक मुक्काम करून दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना आम्ही घरी आलो. टेम्पो आदल्या दिवशीच पोचला होता, आक्काच्या भावानं अण्णा टेम्पोत बसले नाहीत असं सांगितलं होतं, पण आक्काचा त्याच्यावर विश्वास नव्हता आणि माझ्यावर तर कधीच नव्हता. ती अंगणात उभी राहिली. अण्णांना काही विचारलंच नाही.

"दत्तोबा," ती मला म्हणाली, "एकदा खरं सांगा."

मी तोंड उघडलं. माकड, म्हैस, दोनशे माणसं, सगळं जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं आणि म्हणालो की सगळा घाट स्वतः चढले, आक्का. मध्ये एकदाच थांबले.

तिनं माझ्याकडं बघितलं. मग सरळ खाली वाकली, चार माणसांदेखत अण्णांच्या पॅन्टचा पाय वर सरकवला, आणि आंबा पिकलाय का बघावा तसा गुडघा चारी बाजूंनी दाबून बघितला. अण्णा मुलासारखे उभे राहिले. गुडघा गार होता.

आक्का उठली, पदराला हात पुसले, आणि आत जाता जाता म्हणाली, "सायकल आत घ्या. बाहेर नको. येणारा-जाणारा हात लावंल त्या गिअरला."